पोळी-भाजी केंद्राचा डबा: वर्षभर खाऊन झाल्यावर

डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रांना तोटा नाही. पूर्वेला स्टेशनातून उतरून आमच्या घरापर्यंत चालत आलं तरी वाटेत चार-पाच लागतात आणि प्रत्येकाच्या पाटीवर ‘घरगुती’ लिहिलेलं असतंच. तेव्हा आणखी एका केंद्रावर लिहायला बसलेय म्हटल्यावर लेक म्हणाली, “आई, त्यात लिहिण्यासारखं काय आहे? पोळी आहे आणि भाजी आहे.” तिचं बरोबर आहे. पण गेलं वर्षभर आमच्याकडे संध्याकाळचं जेवण तिथून येतंय आणि तेव्हापासून जेवणावरून घरात कुणाची कुरकुर नाही, रुसवेफुगवे नाहीत, कुणी गुपचूप वजनकाट्यावर चढत नाही. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्यात असं वर्ष दुसरं आठवत नाही. म्हणून लिहिते.

आधी सरळ माहिती. एका जुन्या तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर, पूर्वी पिठाची गिरणी होती त्या गाळ्यात हे केंद्र आहे. पाटीवर नाव म्हणून काही नाही. ‘पोळी-भाजी केंद्र’ आणि खाली ‘मोदक, पुरणपोळीच्या ऑर्डर घेतल्या जातील’, एवढंच. चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. सून गल्ल्यावर बसते, मुलगा स्कूटरवरून डबे पोचवतो, आत पोळ्या लाटायला तीन-चार बायका असतात. दर म्हणाल तर पोळी १० रुपये, ज्वारी-बाजरीची भाकरी २२, सुक्या भाजीची लहान डबी ४०, मोठी ७०. महिन्याचा एक वेळचा डबा ३,२०० रुपये. त्यात तीन पोळ्या किंवा दोन भाकऱ्या, एक सुकी भाजी, एक उसळ किंवा आमटी, थोडा भात आणि चटणी नाहीतर कोशिंबीर. सगळं शाकाहारी. रविवारी बंद. आम्ही घरात चौघं, दोन डबे घेतो, वर थोड्या सुट्या पोळ्या, आणि भाताचा कुकर घरी लावतो.

पोळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण केंद्राची परीक्षा पोळीवरच होते. भाजी कुणीही बरी करतं. इथे कणीक दुपारीच मळून ओल्या फडक्याखाली ठेवलेली असते. काउंटरवर उभं राहिलं की आतलं दिसतं. गोळी हातावर वळायची, पुरीएवढी लाटायची, तेलाचं बोट फिरवून चिमूटभर पीठ भुरभुरायचं, अर्ध्यात घडी, पुन्हा तेल-पीठ, पुन्हा घडी. तो त्रिकोण लाटता लाटता गोल कसा होतो हे मला आजवर कळलेलं नाही. माझी पोळी आयुष्यभर श्रीलंकेच्याच आकाराची झाली. तव्यावर फुगून आली की एक बाई ती उचलते आणि दोन्ही तळव्यांत धरून टाळी वाजवावी तशी हलकेच दाबते, म्हणजे वाफ निघून पापुद्रे सुटतात. मग कागदावर चवड. साडेसातला आणलेली पोळी साडेनऊलाही मऊ असते. रात्री उरली तर सकाळी तिची फोडणीची पोळी होते, आणि केंद्राच्या पोळीची फोडणीची पोळी चांगली झाली तर ती पोळी खरी, असं माझ्या सासूबाईंचं मत. या बाबतीत त्यांच्याशी वाद नाही.

भाज्यांमध्ये डावं-उजवं आहे. मटकीची उसळ एक नंबर. मोड लांब आलेले, दाणा अख्खा, रस्सा पातळ पण पाणचट नाही. मेथीची पीठ पेरलेली भाजी, तोंडल्याच्या काचऱ्या, तांबड्या भोपळ्याची मेथीदाणे घातलेली भाजी, पावसाळ्यात अळूचं फदफदं, या सगळ्या खात्रीच्या. आमटीत गोडा मसाला आणि आमसूल बरोबर पडतं, गूळ मात्र हात सैल सोडून घालतात. पनीरची भाजी घेऊ नका. ती या बायकांच्या हातची वस्तूच नाही. कुणीतरी मागते म्हणून करतात आणि तशीच लागते. फ्लॉवर-बटाटा आठवड्यातून एकदा नक्की माथी मारतात. फळ्यावर खडूने आजचा मेनू लिहिलेला असतो आणि त्याबाहेरचं काही मिळत नाही. मावशींना विचारून बघा, “भेंडी नाही का आज?” उत्तर येतं, “आज मटकी.”

माझ्या दृष्टीने या डब्याची अर्धी किंमत त्या फळ्यात आहे. आम्ही नोकरी करणाऱ्या बायका दुपारी तीन-साडेतीनपासून एकाच प्रश्नाशी झटत असतो. संध्याकाळी काय करायचं? मी बँकेत आहे, फोर्टला. कर्जाची फाइल समोर उघडी आणि डोक्यात घरातली अर्धी कोबी. मग परतीच्या कल्याण फास्टमध्ये लेडीज डब्यात बसायला मिळालं तर मटार सोलायचा, नाही मिळालं तर उभ्या उभ्या ठरवायचं की आल्या आल्या खिचडी टाकावी की पिठलं. घरी पोचेपर्यंत पोटात कावळे ओरडत असतात. पर्समधली बिस्किटं संपलेली असतात. स्वयंपाक होईपर्यंत ओट्याशी उभ्याने फरसाण, शेंगदाणे, कालचा लाडू असं काहीबाही तोंडात जातं. शेवटी ताटावर बसावं तर भूक मेलेली आणि मनात पहिला विचार, आज पुन्हा जास्त झालं. आता ठरवायचं काम फळ्याकडे. जेवण आठच्या आत समोर येतं. ओट्याशी उभं राहून खाणं कुणी न सांगता सुटलं.

याच लेडीज डब्यात मी आजवरचे सगळे आहार शिकले, हेही सांगायला हवं. सात दिवसांचा तो प्रकार, ज्यात एक दिवस नुसती केळी आणि दूध असतं आणि कोबीचं सूप पिऊन पिऊन ऑफिसात कुणी शेजारी बसत नाही. मग कीटो. मग सोळा तास उपाशी, आठ तासांत खाणं. २०१८-१९च्या सुमारास तर आमच्या डब्यात सरळ दोन पक्ष पडले होते. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांत जेवण आटपायचं आणि ४५ मिनिटं चालायचं; दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर, तूप-भात बिनधास्त खा आणि थोड्या थोड्या वेळाने खा. दोघांच्याही पद्धतीने ज्यांना गुण आला अशा बायका मी पाहिल्या आहेत, त्यामुळे मला त्यात न्यायनिवाडा करायचा नाही. मला ऐकू यायची ती त्यांच्या भोवतीची भाषा. “काल माझं चीट झालं.” “आज मी अगदी शहाण्यासारखं खाल्लं.” “आता सोमवारपासून.” ठाणं ते घाटकोपर या टप्प्यात एखादी तरी बाई घरच्या केकच्या तुकड्याबद्दल गुन्हा कबूल केल्यासारखी बोलायची. मीही त्यांतलीच होते, वेगळी नव्हते.

डबा लावायच्या आधी माझ्या फोनवर कॅलरी मोजायचं ॲप होतं. नाव देत नाही, कारण सगळी थोड्याफार फरकाने तशीच. त्यात ‘थालीपीठ’ शोधलं की तीन वेगवेगळे आकडे यायचे. पोळी ‘मध्यम’ म्हणजे कुणाच्या घरची मध्यम? नागपूरची की आमच्या काउंटरवरची? तोंडल्याच्या काचऱ्या त्यात नव्हत्याच, त्या मी ‘मिक्स व्हेज’ म्हणून टाकायचे. संध्याकाळी आकडा ओलांडला की वरची पट्टी लाल व्हायची. गंमत अशी की लाल पट्टी दिसली की जास्त खाल्लं जायचं. आता बिघडलाच आहे दिवस, तर तो चिवडाही संपवू. मधुमेहात किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मोजमापाला इलाज नाही, ती गोष्ट वेगळी. मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मी लावून घेतलं होतं.

लेक रुइयाला मानसशास्त्र शिकते. तिने एकदा जेवताना अमेरिकेतला एक जुना प्रयोग सांगितला. १९४४-४५ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं. सगळे स्वेच्छेने आलेले. हेतू हा की युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ-पिऊ घालावं ते कळावं. त्या पोरांचं वजन साधारण चौथ्या हिश्शाने उतरलं, ते तर होणारच होतं. पण त्यांच्या डोक्यात खाण्याशिवाय काही उरलं नाही. ज्यांनी आयुष्यात चहा केला नव्हता ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. ताटल्या चाटायला लागले. एकेक घास पुरवून पुरवून जेवण लांबवायला लागले. आणि पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावरही कितीतरी दिवस पोट भरल्याचं त्यांना कळेना. सासूबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, “एकादशी दुप्पट खाशी, यासाठी अमेरिकेला कशाला जायला हवं होतं?”

त्या प्रयोगातले हाल आणि आमचे सोमवारचे संकल्प यांची बरोबरी होत नाही, मान्य. पण ‘आजपासून भात बंद’ म्हटल्यावर दुपारी दोन वाजता शेजारच्या टेबलावरच्या दहीभाताचा वास कसा येतो, ते ज्यांनी भात बंद केलाय त्यांना विचारा.

आता केंद्राकडे परत. गुरुवारी डब्यात गोड असतं. कधी शेवयांची खीर, कधी शिरा, श्रावणात नारळीभात, थंडीत गाजर हलवा. लहान वाटीभर. मागितलं म्हणून मिळत नाही आणि नको म्हटलं तरी दर कमी होत नाही. सुरुवातीला मी त्या वाटीकडे संशयाने बघायचे, आधी बाजूला काढून ठेवायचे, मग रात्री साडेदहाला फ्रीजसमोर उभी राहून खायचे. हळूहळू ती वाटी ताटात, आमटीच्या शेजारी बसली. गुरुवार आहे, खीर आहे, पुढच्या गुरुवारी पुन्हा असणार आहे. ती कशाचं बक्षीसही नाही आणि तिच्यासाठी शुक्रवारी जिने चढायचे नाहीत. आता कधी कधी अर्धी वाटी उरते आणि सकाळी ती लेक खाते. खिरीची वाटी माझ्या हातून अर्धी राहू शकते हे मला स्वतःला पटायला वेळ लागला.

दुसरी गोष्ट काउंटरवरची. इथे अर्धी डबी मिळते. एक पोळी मिळते. एकटा राहणारा आमच्या इमारतीतला एक मुलगा रोज दोन पोळ्या आणि सगळ्यात लहान डबी नेतो, आणि कधी पाच पोळ्या नेतो. मावशी किंवा सून एका शब्दाने विचारत नाहीत, “एवढंच?” किंवा “आज एवढ्या?” आपल्याकडे हे दुर्मीळ आहे. आपल्या पाहुणचारात आग्रह मुरलेला. पंगतीत जिलेबी नको म्हणून ताटावर हात आडवा धरला तर वाढणारा बोटांच्या फटीतून सोडणार. घरात एका श्वासात दोन हुकूम, ‘पानात टाकायचं नाही’ आणि ‘जरा कमी खा, सुटतेयस’. माझ्या लेकीने दहावीनंतर भात सोडला होता तेव्हा आमच्या घरी ताटावर रोज महाभारत व्हायचं. सासूबाई वाढणार, ती बाजूला सारणार, मी दोघींच्या मध्ये. डबा आल्यापासून वाढणं थांबलं. डबे टेबलावर उघडे, ज्याचं त्याने घ्यायचं. काय आणि कधी ते मावशींनी ठरवलेलं, किती ते ज्याचं त्याने. कुणी कुणाच्या ताटाकडे बघत नाही. ती भात परत कधी घ्यायला लागली ते मला नक्की सांगताही येणार नाही, कारण आम्ही कुणी त्याची नोंद ठेवली नाही. मात्र एक सांगून ठेवते. मुलीचं न खाणं किंवा खाऊन उलटी काढणं या थराला गेलं असेल, पाळी चुकायला लागली असेल, तर डबा-बिबा सोडा आणि डॉक्टरकडे जा. तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला त्याची गरज पडली होती.

सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांचं गणित वेगळं. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या भाकरी घेतात, भात दोन घास, आणि गुरुवारी शिऱ्याचे एक-दोन चमचे, तेही औषधाची वेळ सांभाळून. आमटीतल्या गुळाबद्दल त्यांनी स्वतः काउंटरवर जाऊन सुनावलं. आता आमच्या डब्यातली आमटी गूळ पडायच्या आधी काढून ठेवतात. एवढं करणारं केंद्र दुसरं मला माहीत नाही.

फसलेला प्रकारही सांगते. मध्यंतरी मावशींच्या मुलाने उत्साहाने वेगळी पाटी लावली, ‘डाएट डबा’. नेहमीच्या डब्यापेक्षा महिन्याला हजार रुपये जास्त. मी कुतूहलापोटी एक आठवडा घेऊन पाहिला. दुधी उकडलेला, फोडणीशिवाय. मूग उकडलेले, फोडणीशिवाय. पोळीला तेल नाही, त्यामुळे आठ वाजता तिचा पापड झालेला. सोबत कच्च्या कोबीचा ढीग आणि त्यावर लिंबाची फोड. फोडणीतलं चमचाभर तेल, मोहरी, हिंग, कढीपत्ता काढून घेतला आणि त्या काढून घेण्याचे हजार रुपये लावले. जेवून उठल्यावर पोट भरलेलं असूनही काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं, आणि त्या आठवड्यात घरातला चिवड्याचा डबा रिकामा झाला. मावशींना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मी नाही हो चाखला तो. पोराचं काम आहे.” दोनेक महिन्यांत पाटी उतरली. बरं झालं.

तक्रारी आहेतच. पहिली, मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा. इथली शेंगदाण्याची चटणी, लोणचं आणि उसळ एकत्र घेतली तर त्यातला बराचसा रात्रीच्या जेवणातच उरकत असणार. आमच्याकडे लोणचं आता दिसेल तसं बाजूला ठेवतो. दुसरी, कच्चं आणि हिरवं कमी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४मध्ये जी नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा धरलाय. डब्याची घडण तशी नाही. पोळ्या भरपूर, भाजी वाटीभर. त्यामुळे घरी काकडी, गाजर, मुळा जे असेल ते चिरून घेतो, आणि जेवणानंतर पेरू किंवा केळं. एवढं काम हातांना शिल्लक राहिलं तर बिघडत नाही. तिसरी, प्लॅस्टिक. गरम आमटी पिशवीत बांधून देतात ते मला बिलकूल पसंत नाही. स्वतःचा स्टीलचा डबा नेला तर खुशीने भरून देतात, पण स्कूटरवरून घरपोच हवं असेल तर प्लॅस्टिकच येतं. चौथी, वेळ. पावसात, विशेषतः गाड्या रखडलेल्या दिवशी, स्टेशनवरून सगळी गर्दी एकदम काउंटरवर येते आणि पाऊण तास उभं राहायची तयारी लागते.

तेलाबद्दल दुमत आहे. मला ठीक वाटतं, आमच्या यांना जास्त वाटतं. मटकीवर तवंग असतो हे खरं.

उपासाच्या दिवशीचं वेगळं सांगायला हवं. संकष्टी आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी असते. खिचडी मोकळी, दाण्याचं कूट सढळ, हिरवी मिरची कचकचीत. संकष्टीचे उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. २१ च्या खाली घेत नाहीत असं ऐकून मी घाबरले होते, पण अकराही देतात. पारी पातळ, सारणात वेलची-जायफळ बेताचं. त्यावर तूप आपलं आपण घालावं.

आमचे आजोबा, वडिलांचे वडील, रत्नागिरीकडून मुंबईला आले ते लालबागच्या गिरणीत लागले. बायको-मुलं गावी. खोलीत दहा-बारा जण पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला शेजारच्या चाळीतल्या एका बाईंकडे खानावळ. पगार झाला की आधी खानावळीचे पैसे. तिथे काय असेल ते, तेवढं. गिरणगावात अशा हजारो बायका गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या, आणि सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांसाठी, त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळवून देऊन. बँकेत नोकरीला लागल्यावर मला हे कळलं तेव्हा आजोबांची खानावळवाली डोळ्यांपुढे आली, जिचं नावही घरात कुणाला माहीत नाही. आजोबांच्या बोलण्यात जेवणाबद्दल दोनच शब्द यायचे, ‘जेवलो’ आणि ‘नाही जेवलो’. त्यांच्या दारिद्र्याचं मला कौतुक करायचं नाही. १९८२च्या संपानंतर काय दिवस आले ते वडिलांकडून ऐकलंय. पण दिवसातून शंभर वेळा जेवणाचा विचार करण्याची चैन त्यांच्याकडे नव्हती आणि मला ती चैन आता नकोशी झाली आहे.

रविवारी केंद्र बंद, आणि ते आमच्या पथ्यावर पडतं. त्या दिवशी घरात मासळी येते. सुरमई परवडली तर सुरमई, नाहीतर बांगडा. हे आणतात, मी साफ करते, कालवण सासूबाई सांगतात तसं होतं. सहा दिवस पोळपाटाला हात लावलेला नसतो, त्यामुळे रविवारचा स्वयंपाक मला चक्क आवडायला लागलाय. आधी नव्हता आवडत. सोलकढीसाठी नारळ खवताना मी गाणी म्हणते अशी लेकीची तक्रार आहे.

वजनाचं विचाराल. लोक विचारतातच, लोकलमध्ये तर पहिला प्रश्न तोच. काटा पलंगाखाली गेला तो तिथेच आहे. कपडे तेच बसतात. वार्षिक तपासणीचे रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिले आणि “चालू ठेवा” म्हणाले. ज्यांना डबा लावून दहा किलो उतरवायचे आहेत त्यांनी दुसरीकडे बघावं, मावशी तशी हमी देत नाहीत आणि मीही देणार नाही.

एकूण पाचपैकी चार. अर्धा मिठाचा कापला, अर्धा प्लॅस्टिकचा. पनीरचे कापले नाहीत, ती आपण न घेतली की झालं.

जाणार असाल तर भाकरी हवी असेल त्या दिवशी साडेसातच्या आत जा. बाजरीची आधी संपते. डबे स्वतःचे न्या, झाकणं घट्ट बसणारी. सुटे पैसे नसले तरी चालतं, काउंटरवर क्यूआर आहे, पण मावशी एकट्या असल्या तर त्यांना पैसे आल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत त्या पोळ्या हातात देत नाहीत. आणि मे महिन्यात सगळं कुटुंब गावी जातं, केंद्र पंधरा दिवस बंद असतं. महिन्याचा डबा लावायचा विचार एप्रिलअखेरीस करत असाल तर पैसे जूनपासूनच भरा.